‘बॉस लिनक्स’ या मुक्त स्रोत कार्यप्रणालीच्या प्रसारातील अडथळे : एक ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : नंदुरबार जिल्हा)

सारांश

भारत शासनाच्या सहाय्याने २००७ साली प्रसिद्ध झालेली ‘भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स’ अर्थात ‘बॉस’ ही कार्यप्रणाली विनामूल्य, मुक्त स्रोत आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध होती. आर्थिकदृष्ट्या दुर्बल व आदिवासीबहुल अशा नंदुरबार जिल्ह्यासारख्या प्रदेशात तिचा सर्वाधिक प्रसार व्हावा, अशी अपेक्षा स्वाभाविक होती; परंतु तसे घडले नाही. किंमत हा अडथळा नसताना प्रसार का खुंटला, या प्रश्नाचा शोध प्रस्तुत लेखात ऐतिहासिक दृष्टीने घेतला आहे. अक्षरसंच व कळफलक, प्रमाणपत्राधारित प्रशिक्षण, जोडसाधने, वितरण व दुरुस्ती, शासकीय धोरण आणि बोलीभाषांची उपेक्षा असे सहा घटक येथे विचारात घेतले आहेत.

बीजशब्द : मुक्त स्रोत, कार्यप्रणाली, बॉस लिनक्स, युनिकोड, संगणक साक्षरता, नंदुरबार.

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा यशस्वी शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. जे रुजले त्याची नोंद होते. जे रुजले नाही ते विस्मरणात जाते. वस्तुतः समाजाची घडण समजून घेण्यासाठी न रुजलेल्या तंत्रज्ञानाचा अभ्यास तितकाच उपयुक्त ठरतो. एखादे साधन उत्तम असून, विनामूल्य असून व शासनाचा पाठिंबा असूनही लोकांनी स्वीकारले नाही, तर त्याची कारणे त्या साधनापेक्षा भोवतालच्या संस्थांमध्ये, सवयींमध्ये आणि अर्थव्यवहारात शोधावी लागतात. बॉस लिनक्सचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे.

१ जुलै १९९८ रोजी तत्कालीन धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. साक्षरतेचे प्रमाण त्या वेळी सुमारे ६४ टक्के होते. २०१८ साली नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांमध्ये नंदुरबारचा समावेश केला. योगायोग असा की, ज्या १९९८ साली हा जिल्हा निर्माण झाला त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत अमेरिकेत ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा रूढ करण्यात आली. नव्या जिल्ह्याचे प्रशासन आणि मुक्त स्रोत चळवळ यांची वाटचाल अशा रीतीने एकाच वेळी सुरू झाली. मात्र त्या दोन वाटा क्वचितच एकत्र आल्या.

उद्दिष्टे व व्याप्ती

१) मुक्त स्रोत कार्यप्रणालीच्या भारतीय व मराठी रूपांचा इतिहास संक्षेपाने मांडणे.
२) तिच्या प्रसारातील अडथळ्यांची कारणमीमांसा करणे.
३) आदिवासीबहुल जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ स्पष्ट करणे.

प्रस्तुत लेख हे सर्वेक्षण नसून उपलब्ध घटनाक्रमाचे ऐतिहासिक व विश्लेषणात्मक विवेचन आहे.

मुक्त स्रोत कार्यप्रणालीची पार्श्वभूमी

संगणकाचे यंत्र आणि वापरकर्ता यांच्यातील दुवा म्हणजे कार्यप्रणाली. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ हा गाभा प्रसिद्ध केला. या दोहोंच्या संयोगातून अशी कार्यप्रणाली निर्माण झाली, जिची आज्ञावली कोणीही वाचावी, बदलावी आणि इतरांना द्यावी. १९९३ मध्ये सुरू झालेला ‘डेबियन’ हा तिचा एक प्रमुख संच असून पुढे बॉस त्याच्याच आधारे उभी राहिली.

भारतीय भाषांच्या संदर्भात या चळवळीत महाराष्ट्राचा वाटा लक्षणीय होता. इ.स. २००० च्या आसपास मुंबईतून ‘इंडलिनक्स’ हा स्वयंसेवी उपक्रम सुरू झाला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने तयार केलेले ‘लोहित’ अक्षरसंच रेड हॅट या कंपनीने मुक्त परवान्याखाली उपलब्ध करून दिले. २८ मे २००३ रोजी पुण्यात हिंजवडी येथील एका संस्थेच्या कार्यक्रमात तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी भारतासारख्या देशाने मुक्त स्रोत प्रणालींचा मोठ्या प्रमाणावर अवलंब करावा, असे आग्रहाने मांडले. २००५ मध्ये केंद्र शासनाच्या पुढाकाराने मुक्त स्रोत सॉफ्टवेअरसाठी राष्ट्रीय संसाधन केंद्र चेन्नई येथे स्थापन झाले आणि जानेवारी २००७ मध्ये सी-डॅकने बॉसची ‘तरंग’ ही पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. त्यानंतर ‘अनंत’, ‘तेजस’, ‘अनोखा’, ‘ऊर्जा’ इत्यादी आवृत्त्या क्रमाने आल्या. शाळांसाठी ‘एज्युबॉस’ असा स्वतंत्र संचही तयार करण्यात आला. तात्पर्य, साधनाची उणीव नव्हती. मग अडले कोठे?

प्रसारातील अडथळे

१) ‘विनामूल्य’ असण्याचा लाभ न मिळणे

मुक्त स्रोत प्रणालीच्या पुरस्कर्त्यांनी तिच्या किमतीवर, किंबहुना किंमत नसण्यावर, भर दिला. परंतु तालुक्याच्या ठिकाणी संगणक जुळवून देणाऱ्या दुकानदाराकडून मिळणाऱ्या यंत्रावर विंडोजची विनापरवाना प्रत आधीच घातलेली असणे, ही त्या काळात सर्वसामान्य गोष्ट होती. ग्राहकाच्या दृष्टीने दोन्ही प्रणाली सारख्याच फुकट ठरल्या. ज्याचा परवाना हजारो रुपयांचा, ते जर फुकट मिळत असेल, तर मुळातच फुकट असलेल्याची किंमत कोण करणार? उलट ‘फुकटचे ते हलक्या प्रतीचे’ असा समज दृढ झाला. स्वातंत्र्य, बदल करण्याचा अधिकार आणि विद्येचे सामायिक धन हे मुक्त स्रोताचे खरे मूल्य होते. मात्र ते ग्राहकापर्यंत पोहोचलेच नाही. किमतीचा मुद्दा पुढे केल्यामुळे मूल्याचा मुद्दा मागे पडला.

२) अक्षरसंच आणि कळफलक

मराठी वापरकर्त्याच्या दृष्टीने हा सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न होता. १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश झाला असला, तरी कार्यालये, छापखाने आणि महाविद्यालये यांचा सर्व व्यवहार श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख अशा परस्परांशी न जुळणाऱ्या अक्षरसंचांत चालू होता. या संचांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. तो अक्षरसंच नसलेल्या यंत्रावर मजकूर उघडला की निरर्थक रोमन चिन्हांची रास दिसे. सभांची इतिवृत्ते, प्रश्नपत्रिका, नॅकसाठीचे स्वयंमूल्यमापन अहवाल असा वर्षानुवर्षांचा दस्तऐवज या संचांत अडकून पडला. कार्यप्रणाली बदलणे म्हणजे स्वतःचेच दप्तर वाचता न येणे, अशी स्थिती झाली.

शोधपत्रिकाही याला अपवाद नव्हत्या. अनेक नियतकालिके लेखकांकडून विशिष्ट अक्षरसंचातीलच मजकूर मागवीत. कारण त्यांची जुळणी पेजमेकरमध्ये होई. पेजमेकरची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली आणि ती युनिकोडला अनुकूल नव्हती. म्हणजे ज्ञानप्रसाराची साधनेच एका बंदिस्त प्रणालीला बांधलेली होती. विंडोज एक्सपीवरही मराठी युनिकोडसाठी मूळ सीडी घालून जादा घटक बसवावे लागत. त्यामुळे बहुतेकांनी जुनी वाटच पसंत केली.

लिनक्सवरील सुरुवातीच्या मराठी लेखनातही त्रुटी होत्या. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून बनविलेल्या काही अक्षरसंचांत मराठीतील ‘ऱ्य’ व ‘ऱ्ह’ ही जोडाक्षरे नीट उमटत नसत. सातपुड्याच्या ‘दऱ्या’ लिहाव्यात आणि पडद्यावर ‘दर्या’ म्हणजे समुद्र उमटावा, हा दोष किरकोळ नव्हे. येथे अर्थच बदलतो. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ यांबाबतही असाच प्रश्न होता. २००९ मध्ये राज्य शासनाने मराठी वर्णमालेबाबत निर्णय प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी केंद्राने ई-प्रशासनासाठी युनिकोड प्रमाण मानले. पुढे हे दोष दूर झाले. पण तोपर्यंत पहिला अनुभव घेऊन परत फिरलेला वापरकर्ता पुन्हा आला नाही.

कळफलकाचा प्रश्न यालाच जोडून येतो. शासनमान्य टंकलेखन संस्थांतून रेमिंग्टन पद्धतीचा मराठी कळफलक शिकलेले लिपिक कार्यालयांत होते. बॉस व इतर लिनक्स संचांत प्राधान्य होते ते इनस्क्रिप्टला. शास्त्रीयदृष्ट्या इनस्क्रिप्ट अधिक सुसंगत आहे, यात शंका नाही. तथापि ज्याच्या बोटांत वीस वर्षांचा सराव मुरलेला आहे, त्याला नव्याने अक्षरे गिरवायला लावणे हे केवळ तांत्रिक नव्हे, तर मानहानीचेही वाटू शकते. ही मानसिकता लक्षात न घेता केलेले प्रयत्न फोल ठरले.

३) प्रमाणपत्र आणि प्रशिक्षण

२००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू केला आणि तो गावोगावच्या केंद्रांमार्फत पोहोचविला. शासकीय सेवेसाठी संगणक अर्हता म्हणून त्याला मान्यता मिळाली. ग्रामीण महाराष्ट्रात संगणक साक्षरता पसरविण्यात या अभ्यासक्रमाचे योगदान मोठे आहे, हे निःसंशय. मात्र त्याचा आशय प्रामुख्याने विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस यांवर आधारलेला राहिल्याने, ‘संगणक येणे’ म्हणजे ‘विंडोज येणे’ हे समीकरण रूढ झाले. आदिवासी भागातील एखादा विद्यार्थी कष्टाने फी भरून तालुक्याच्या गावी शिकायला येतो, तो नोकरीच्या आशेने. ज्या प्रणालीचे प्रमाणपत्र मिळत नाही व जी परीक्षेत विचारली जात नाही, ती शिकण्याची चैन त्याला परवडत नाही. त्याचा हा निर्णय अज्ञानाचा नसून पूर्णतः व्यवहारी होता. वाणिज्य शाखेतील ‘टॅली’ हे विंडोजवरील सॉफ्टवेअर असल्याने तेथेही हीच गोष्ट घडली.

४) जोडसाधनांची अडचण

कार्यालयात संगणकापेक्षा प्रिंटर अधिक महत्त्वाचा असतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. दाखला छापून हाती पडला तरच काम झाले, असे नागरिक मानतो. छोट्या कार्यालयांत लोकप्रिय असलेल्या कॅनन एलबीपी २९०० किंवा एचपी लेझरजेट १०२० यांसारख्या प्रिंटरांना लिनक्सवर चालविण्यासाठी स्वतंत्र बंदिस्त घटक शोधून बसवावे लागत. श्रीलिपीसारख्या आज्ञावलींचे हार्डवेअर लॉक, अंकीय स्वाक्षरीचे टोकन, बोटांचे ठसे घेणारी यंत्रे यांचे चालक घटकही प्रथम विंडोजसाठी येत. त्या काळातील अनेक शासकीय संकेतस्थळे इंटरनेट एक्सप्लोररमध्येच नीट उघडत. परिणामी, एक प्रिंटर चालत नाही एवढ्या कारणावरून संपूर्ण कार्यप्रणाली काढून टाकली जाई.

या संदर्भात शहादा तालुक्यातील टेंभली गावाचा उल्लेख आवश्यक आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत याच गावी देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वितरण झाले. आधारच्या मध्यवर्ती यंत्रणेच्या रचनेत मुक्त स्रोत प्रणालींना महत्त्वाचे स्थान होते. मात्र प्रत्यक्ष नोंदणी केंद्रांवरील संगणक विंडोजवर चालत. मुक्त स्रोत दूरच्या सर्व्हरमध्ये आणि बंदिस्त प्रणाली गावकऱ्याच्या समोर, अशी ही विभागणी होती. लिनक्सने देशाची यंत्रणा चालविली. पण टेंभलीच्या चावडीवर तिचे दर्शन झाले नाही.

५) वितरण, दुरुस्ती आणि सोबत

बॉससारख्या प्रणालीची प्रत मिळवावी कशी, हाही प्रश्न होता. एका सीडीत मावणारी ७०० मेगाबाइटची प्रत ५६ केबीपीएस डायल-अपवर अखंड पूर्ण वेगाने उतरविली, तरी सुमारे २८ तास लागतील. भारनियमनाच्या त्या वर्षांत २८ तास अखंड वीज व दूरध्वनी मिळणे सातपुड्याच्या पायथ्याशी कल्पनेतच शक्य होते. २००५ ते २०११ या काळात ‘उबुंटू’ने जगभर टपालाने विनामूल्य सीडी पाठविल्या, तर २००३ पासून ‘लिनक्स फॉर यू’ या इंग्रजी मासिकासोबत सीडी मिळू लागली. परंतु यासाठी इंग्रजी वाचन आणि आधीची ओळख आवश्यक होती.

यापेक्षाही मोठी उणीव सोबतीची होती. पुणे, मुंबई येथे लिनक्स वापरणाऱ्यांचे गट होते. अडचण आली तर विचारायला माणूस होता. अक्राणीत वा अक्कलकुव्यात बिघडलेला संगणक ज्या दुरुस्ती करणाऱ्याकडे जाई, त्याचा पहिला उपाय ठरलेला असे : सर्व पुसून पुन्हा विंडोज घालणे. तंत्रज्ञान यंत्रात नव्हे, तर ते दुरुस्त करणाऱ्या माणसात वसते, हे येथे प्रकर्षाने जाणवते.

६) धोरणातील सातत्याचा अभाव

केंद्र शासनाने मार्च २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या अवलंबाचे धोरण जाहीर केले. त्यात खरेदीच्या वेळी मुक्त स्रोताला प्राधान्य देण्याची भूमिका होती. मात्र अपवादालाही वाव होता. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ‘माया’ ही प्रणाली स्वीकारल्याचे जाहीर झाले, तेव्हा ती बॉसवर नव्हे, तर उबुंटूवर आधारलेली होती. शासनाच्याच एका संस्थेने घडविलेल्या प्रणालीला शासनाच्या दुसऱ्या अंगाने आधारभूत मानले नाही, तर तालुक्याच्या महाविद्यालयाने ती का मानावी?

शैक्षणिक प्रयोगांतही हीच विस्कळीतता दिसते. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैराट येथील एकशिक्षकी शाळेत ‘एका मुलास एक लॅपटॉप’ हा प्रयोग झाला. तेथील लॅपटॉपवर ‘शुगर’ ही लिनक्सवर आधारित, खास मुलांसाठीची रचना होती. प्रयोग लक्षवेधी होता. परंतु राज्यव्यापी योजनेत त्याचे रूपांतर झाले नाही.

केरळ व म्यूनिक : तुलनात्मक विचार

अडथळे अटळ होते का, याचे उत्तर केरळ देते. तेथे २००१ साली सुरू झालेल्या ‘आयटी@स्कूल’ प्रकल्पाने पुढील काही वर्षांत शाळांचे संगणक शिक्षण पूर्णतः मुक्त स्रोत प्रणालीवर नेले. दहावीची संगणक परीक्षाही त्याच प्रणालीवर होऊ लागली. शिक्षकांनीच शिक्षकांना शिकविले, राज्याने स्वतःचा संच बनविला, आणि २०१७ मध्ये या प्रकल्पाचे ‘काइट’ या संस्थेत रूपांतर झाले. तेथे अभ्यासक्रम, परीक्षा, प्रशिक्षण आणि देखभाल या चार गोष्टी एकाच दिशेने चालल्या. याउलट जर्मनीतील म्यूनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जाण्याचा निर्णय घेतला व हजारो संगणक बदलले. तरी २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचे ठरविले. म्हणजे संपन्नता यशाची हमी देत नाही आणि साधनांची टंचाई अपयश निश्चित करीत नाही. संस्थात्मक निर्धार आणि सातत्य हेच निर्णायक ठरतात.

बोलीभाषांचा प्रश्न

नंदुरबारच्या संदर्भात एक मुद्दा विशेष चिंतनीय आहे. बॉसमध्ये प्रामुख्याने राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांना स्थान मिळाले. त्यात बोडो, मैथिली, संस्कृत यांचाही समावेश होता. जिल्ह्यातील भिली, पावरी, मावची वा अहिराणी मात्र तेथे आल्या नाहीत. २०११ च्या जनगणनेत भिली समूहाची भाषिक संख्या १ कोटीहून अधिक, तर बोडो भाषिकांची संख्या सुमारे १५ लाख होती. प्रश्न लोकसंख्येचा नसून अनुसूचीतील स्थानाचा होता. बंदिस्त प्रणालीत कंपनीने ठरविल्याशिवाय नवी भाषा येऊ शकत नाही. मुक्त स्रोत प्रणालीत मात्र शब्दसूची अनुवादित करण्याचा अधिकार कोणत्याही गटाला आहे; तो एखाद्या महाविद्यालयाच्या भाषा विभागालाही आहे. ज्या प्रणालीत पावरी भाषक विद्यार्थी स्वतःच्या शब्दांत संगणक पाहू शकला असता, तीच प्रणाली त्याच्यापर्यंत पोहोचली नाही. या संपूर्ण इतिहासातील सर्वांत मोठी हानी कोणती असेल, तर ती ही होय.

लिनक्स आले, पण दुसऱ्या वाटेने

इतिहासाचा पुढील टप्पा विचार करायला लावणारा आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र शासनाने आणलेला ‘आकाश’ टॅबलेट अँड्रॉइडवर चालत होता. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सच आहे. २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनमधील ‘कायओएस’ याच गाभ्यावर उभी होती. आज डोंगरी पाड्यावरील तरुणाच्या हातातील मोबाइलमध्येही बहुधा लिनक्सच असते. मात्र ते आधीच घालून आले, दुकानात मिळाले आणि शिकण्यासाठी प्रमाणपत्राची अट नव्हती. यावरून लिनक्स सामान्य माणसाला अवघड आहे, हा आक्षेप निराधार ठरतो. तथापि मोबाइलमधील लिनक्सने वापराची सोय दिली, बदलाचा अधिकार नव्हे. गाभा मुक्त राहिला. वापरकर्ता मात्र ग्राहकच राहिला.

निष्कर्ष

१) किंमत हा प्रसारातील निर्णायक घटक नव्हता, विनापरवाना प्रतींमुळे मुक्त स्रोताचा आर्थिक लाभ नाहीसा झाला.
२) जुने अक्षरसंच व रेमिंग्टन कळफलक यांनी मराठी दप्तराला बंदिस्त प्रणालीशी बांधून ठेवले.
३) प्रमाणपत्र आणि नोकरी यांच्याशी न जोडलेले कौशल्य गरीब विद्यार्थ्याला परवडत नाही.
४) प्रिंटरपासून दुरुस्तीपर्यंतच्या स्थानिक यंत्रणेशिवाय कोणतीही कार्यप्रणाली रुजत नाही.
५) मुक्त स्रोताची भाषिक शक्ती आदिवासी बोलींसाठी वापरलीच गेली नाही.

समारोप

हा प्रश्न भूतकाळात जमा झालेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ संपले असून, विंडोज ११ च्या यंत्रविषयक अटी अनेक जुन्या संगणकांना पूर्ण करता येत नाहीत. ग्रामीण महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांसमोर यंत्रे मोडीत काढणे, असुरक्षित प्रणाली चालू ठेवणे किंवा मुक्त स्रोताकडे वळणे असे तीन पर्याय उरतात. तिसऱ्या पर्यायासाठी आज परिस्थिती २००७ पेक्षा अनुकूल आहे : युनिकोड सर्वमान्य झाले आहे, बहुतेक शासकीय कामे कोणत्याही ब्राउझरमध्ये होतात आणि मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स व लिब्रेऑफिसचे पाठ मराठीतही उपलब्ध आहेत. महाविद्यालयाने एक प्रयोगशाळा पूर्णतः मुक्त स्रोतावर चालवावी, तिच्या देखभालीचे काम विद्यार्थ्यांच्या गटाकडे सोपवावे, अंतर्गत परीक्षेत तिला गुण द्यावेत आणि भाषा विभागाने एका बोलीची शब्दसूची हाती घ्यावी. यासाठी स्वतंत्र अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. निर्धार मात्र हवा. बॉसच्या इतिहासातून इतकेच दिसते की, उत्तम साधन समाजाच्या दारापर्यंत आणून ठेवणे पुरेसे नसते. ते हाती घेऊन शिकविणारा शिक्षक तेथे उभा असावा लागतो.